माद्यांचे नर

एका बड्या कंपनीने मला फसवलं. तिची बाटली मी डॉक्टर अश्विनींना विकली, म्हणून त्या फसल्या. आणि ज्यांच्या अंगातून काढलेला तुकडा त्या बाटलीपायी संपला, ते सिद्रामअण्णा सगळ्यांत जास्त फसले. त्यांना तर कंपनीने विचारलंसुद्धा नाही. कंपनीचं नाव मी लिहिणार होते. संपादकांनी हात जोडले म्हणून लिहीत नाही. ज्याला कळायला हवं त्याला पहिल्या ओळीतच कळलं असेल.

मी सोलापुरात लॅबचा माल पुरवते. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅब, हॉस्पिटलं, कॉलेजं यांना लागणाऱ्या काचा, नळ्या, रंग, रसायनं. आता दुकान भाचा बघतो, मी फक्त भांडायला जाते. आमचं घर पूर्व भागातलं, तेलुगू बोलणारं. वडील यंत्रमागावर होते, आई बिड्या वळायची आणि मीही तिच्या शेजारी बसून वळायची. बिडी कारखान्यात तयार बिड्या घेताना तपासणारा माणूस काही बिड्या खराब म्हणून बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाट काढलेल्या बिडीची मजुरी मिळत नाही, पण ती बिडी परतही मिळत नाही. मी लहानपणी एकदा त्या माणसाला विचारलं, "खराब आहे तर मला परत द्या की." त्याने आईला सांगितलं, पोरीला उद्यापासून आणू नका. माझ्या स्वभावाबद्दल लोक जे बोलतात त्याची सुरुवात तिथे आहे.

पुढे एका लॅबमध्ये काचा धुवायला लागले. मुंबईहून येणारा माल वेळेवर येत नाही म्हणून डॉक्टर रोज चिडायचे. मी म्हटलं, मी जाऊन आणते. अशी माझी एजन्सी सुरू झाली. या धंद्यात माल विकण्यापेक्षा माल गार ठेवणं अवघड. निम्म्या बाटल्या दोन ते आठ डिग्रीत ठेवाव्या लागतात. गरम झाल्या तर गेल्या, गोठल्या तरी गेल्या. आणि आमचं गाव सोलापूर. एप्रिलमध्ये इथे सावलीतसुद्धा माणूस भाजतो.

एकदा गाडी कुर्डुवाडीला अडकून पडली, खोक्यातला बर्फ वितळायला लागला. प्लॅटफॉर्मवर थंड पेयांचा एक स्टॉल होता. मी बर्फ मागितला.

"बर्फ इकत न्हाय," तो म्हणाला. "बाटली घेतली तर बर्फ संगट मिळंल."

"आणि सगळा बर्फ घेतला तर?"

"तर सगळ्या बाटल्या घ्या की."

मी घासाघीस केली, तो तसूभर हलला नाही. शेवटी बाटल्या घेतल्या, डब्यातल्या लोकांना पाजल्या आणि बर्फ घेऊन सोलापूर गाठलं. त्या डब्यातले लोक अजून मला लग्नघरची बाई समजत असतील. माल मात्र गार उतरला. माझ्या फ्रीजचं नाव गावात असं झालं. डॉक्टर लोक म्हणायचे, अक्काच्या फ्रीजमधून आलं म्हणजे बघायला नको. हे नाव मी कमावलेलं आहे, वडिलांनी दिलेलं नाही. म्हणून त्यावर हात टाकला की मला राग येतो.

आता बाटलीबद्दल सांगते. अँटिबॉडी नावाचा एक माल असतो. एका प्रथिनाला शोधून त्यालाच चिकटेल असं बनवलेलं द्रव्य. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणाच्या वडीत बसवतात, तिला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर घेतात, त्यावर अँटिबॉडी टाकतात, मग रंग. जिथे ते प्रथिन असेल तिथे तपकिरी डाग उठतो, नसेल तिथे उठायचा नाही. सगळा खेळ ह्या 'नसेल तिथे उठायचा नाही' वर आहे. सगळीकडे तपकिरी करणारी बाटली म्हणजे सगळ्यांना चोर म्हणणारा साक्षीदार.

डॉक्टर अश्विनी मोहोळच्या. इथे एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजी शिकत होत्या आणि प्रबंधासाठी त्यांनी प्रोस्टेटचा विषय घेतला होता. ही ग्रंथी पुरुषांना मूत्राशयाच्या खाली असते. वय वाढलं की बऱ्याच जणांची ती वाढते, लघवीला त्रास होतो. काहींच्या ग्रंथीत कॅन्सर होतो. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. मला काही विकायचं असलं की आधी ते कशाला लागतं ते मी विचारते, म्हणून त्यांना विचारलं.

त्या म्हणाल्या, "अक्का, शरीरात नसा वाढवणारं एक प्रथिन असतं. नस म्हणजे रक्ताची शीर नव्हे, संवेदना नेणारी नस. हे प्रथिन प्रोस्टेटमध्येही तयार होतं. त्याच्याकडे नसा ओढल्या जातात. आणि नुसत्या नसाच नाही, ग्रंथीच्या पेशीही त्याच्या सांगण्यावरून वाढतात."

"म्हणजे गाठ नसांना बोलावते आणि नसा गाठीला पोसतात?"

"तसंच काहीसं दिसतंय. पेशीवर हे प्रथिन पकडणाऱ्या दोन तऱ्हेच्या कड्या असतात. एक वाढ म्हणते, दुसरी बरेचदा आवर म्हणते. कॅन्सरमध्ये ती दुसरी कडी कमी होत जाते असं पाहिलं गेलंय. आणि कॅन्सर पसरताना पुष्कळदा नसेच्या कडेकडेनेच सरकतो."

दोन्ही बाजूंचा फायदा असलेला सौदा तुटत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. मला विषय आवडला. साध्या वाढलेल्या ग्रंथीत आणि कॅन्सरच्या ग्रंथीत हे प्रथिन कुठे आणि किती आहे, एवढंच त्यांना बघायचं होतं. यातून लगेच औषध निघणार नाही, हे त्या प्रत्येक पेशंटला आधीच सांगायच्या.

सिद्रामअण्णा त्यांतले एक. अक्कलकोटकडचे, मार्केट यार्डात ज्वारीचे व्यापारी, घरात कानडी. माझी आणि त्यांची ओळख लॅबच्या बाकावर झाली. सुईने प्रोस्टेटचे तुकडे काढून झाले होते, कॅन्सर निघाला होता. मला म्हणाले, "आमी पोत्यात पोकळ सळई खुपसून दाणं काढतो बगा, तसंच केलं की माझं. फक्त पोतं वरडत न्हाय, मी वरडलो."

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की कॅन्सर नसांच्या भोवती शिरलेला दिसतो. डॉक्टर अश्विनी त्यांना समजावत होत्या, पण 'नस' म्हटलं की अण्णा रक्ताची शीर धरून बसायचे. शेवटी तेच म्हणाले, "म्हंजे नर म्हना की!" कानडीत नसेला नर म्हणतात. आमच्या तेलुगूतही नरम्, आणि सोलापुरात राहून कानडी मलाही येते. मी बाकावरून म्हटलं, "हां, नरच." मॅडमना गंमत वाटली, आणि त्या दिवसापासून आमच्यात नसेला नर हाच शब्द झाला. मॅडमसुद्धा म्हणायच्या, "अण्णा, तुमचा नर बघायला तुमचा तुकडा वापरू ना?"

"वापरा की. माझ्या काय कामाचा? फक्त काय निघालं ते मला सांगा. मला दोन पोरं हायत."

"पोरांना होईल का, हे यातून नाही कळणार."

"नाय कळू दे. माझं तरी कळू दे. आमच्या यार्डात ज्यानं नमुना काढला त्यानं काय तरी बोललंच पायजे. नमुना घेऊन मुकाट्यानं गेला, तर त्याला परत पोत्याला हात लावू देत न्हाईत."

मॅडमनी कबूल केलं. त्यांनी शब्द दिला तेव्हा मी तिथे होते, म्हणून हे लिहिते आहे.

बाटली मागवली. कंपनीच्या पुस्तकात तिचा सुंदर फोटो होता, पांढऱ्यावर नेमके तपकिरी ठिपके. मी गार खोक्यात ती स्वतः उतरवून घेतली. मॅडमचा फोन आला, "अक्का, बाटली खरी चालते का बघायला ज्यात हे प्रथिन भरपूर आहे असं काहीतरी लागतं. उंदराची लाळग्रंथी मिळेल का? नराची हं, आठवणीने."

मी ऐकलं ते असं: लाळग्रंथी, नसेची. कामच नसांचं होतं, शब्दही आमचा ठरलेला. मला यात काही खटकलं नाही. एका कॉलेजच्या प्राणिघरात गफूरभाई म्हणून कर्मचारी होते. त्यांना मी सरळ समजेल असं करून सांगितलं, "नसांच्या कामाला उंदराची लाळेची गाठ पाहिजे. कुठलाही चालेल."

"बुढ्ढे जनावरां हैं अक्का, प्रयोग हो गए सो. वोच देतूं," ते म्हणाले. त्यांच्या परवानगीच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी ते दिलं, मी मॅडमना पोचवलं.

काचेवर झकास तपकिरी आलं. मॅडमचा मला फोन, "अक्का, बाटली अस्सल आहे!" मग त्यांनी पेशंटांचे ब्लॉक कापायला घेतले. तपकिरी. कॅन्सर तपकिरी, साधी वाढ तपकिरी, मधला आधाराचा भागही तपकिरी. फरक दिसेना. त्यांना वाटलं आपलंच चुकतंय. द्रव्य पातळ केलं, वेळ कमी केला, पुन्हा काप काढले. पुन्हा, आणि पुन्हा. बाटलीतलं द्रव्य न टाकता केलेली काच मात्र दर वेळी स्वच्छ, म्हणजे नुसत्या रंगात दोष नव्हता.

एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. ऑपरेशनमध्ये काढलेली ग्रंथी मोठी असते, तिचे हवे तेवढे काप निघतात. सुईने काढलेला तुकडा शेवईच्या काडीएवढा. त्याचा दर काप म्हणजे त्यातून कमी झालेला भाग. अण्णांचा तुकडा सुईचा होता.

मॅडमनी पुन्हा ग्रंथी मागितली. मी गफूरभाईंकडून आणली आणि लॅबमध्ये डबा ठेवत म्हटलं, "ह्या बऱ्या निघतील बघा, मॅडम. दोन्ही माद्या चांगल्या लठ्ठ होत्या."

"माद्या?"

"हो."

"अक्का, मी नर सांगितलं होतं."

"नरच आणलेत की. माद्यांचे नर."

त्यांनी डब्याचं झाकण लावून टाकलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि मागच्या वेळी?"

"तेव्हाही माद्याच. म्हाताऱ्या."

त्या खुर्चीत बसल्या आणि एकदम हसायला लागल्या. मला वाटलं यांच्या डोक्यावर परिणाम झाला. मग त्यांनी सांगितलं. उंदरामध्ये हे प्रथिन नराच्या लाळग्रंथीत भरपूर असतं, मादीच्या ग्रंथीत त्या मानाने फारच कमी. म्हणजे मादीची काच फिकी यायला हवी होती. ती गडद आली, आणि आपण तिला नर समजून टाळ्या वाजवल्या. मी खरंच नर आणले असते तर बाटली पास झाली असती आणि हा सगळा तपकिरी चिखल प्रबंधात छापून गेला असता. माझी चूक झाली हे मी नाकारत नाही. पण चोर त्या चुकीनेच सापडला.

कंपनीला कळवलं. त्यांचा एरिया मॅनेजर निखिल आला. ऑर्डर मागताना हा मला मॅडम म्हणायचा.

"मावशी," तो म्हणाला, "बाटली तुमच्या फ्रीजमध्ये होती ना? सोलापूरचं ऊन, लाईट जाते..."

"मावशी कोणाला म्हणतोस? ऑर्डरच्या वेळी मॅडम आणि तक्रार आली की मावशी?"

"तसं नाही, पण माल गरम झाला असेल तर..."

डॉक्टर अश्विनी मध्ये पडल्या. "गरम झालेली अँटिबॉडी सहसा चिकटायचं सोडते. रंग कमी होतो. हिचा तर जिथेतिथे येतोय."

मी म्हटलं, "उन्हात वाळवलेल्या चादरीचा रंग उडतो. उन्हाने चादर जास्त रंगलेली तू कधी बघितलीस?"

तो बाटली बदलून देतो म्हणाला. मी म्हटलं, बदलून नको, तुझ्या हाताने नवी आण. तुझ्या खोक्यात, तुझ्या बर्फात. माझ्या फ्रीजचं दारसुद्धा तिला दिसायला नको. आणि आधी बोली करू.

नव्या पेठेत साडी घेताना रंग जातो का हे बायका ओल्या रुमालाने बघतात. शहाणी बाई रुमाल लावण्याआधी दुकानदाराकडून वदवून घेते, की रंग लागला तर साडी परत. मागून बोललात तर तो म्हणतो तुमचा रुमालच मळका. म्हणून मी निखिलकडून वदवून घेतलं: नराची काच गडद आणि मादीची फिकी आली तर चूक माझी, सबंध गावात मी सांगेन. दोन्ही सारख्या आल्या तर चूक बाटलीची, कंपनी तसं लिहून देईल. तो हो म्हणाला. मॅडमच्या आणि लॅबच्या दोघा माणसांच्या समोर हो म्हणाला.

ह्या वेळी नर खरेच नर होते. मॅडम स्वतः जाऊन गफूरभाईंकडून घेऊन आल्या. गफूरभाई मला म्हणाले, "अक्का, इस बार मूँछावाले दियूँ।" म्हणजे ही गोष्ट तिथपर्यंत पोचली होती.

काचा तयार झाल्या. निखिल मायक्रोस्कोपला डोळे लावून बराच वेळ बसला.

"मला फरक वाटतोय थोडा," तो म्हणाला. "नराची जास्त गडद आहे."

डॉक्टर अश्विनींनी काचांवरच्या खुणांवर कागद चिकटवला, पाठ फिरवून काचांची अदलाबदल केली आणि पुन्हा त्याच्यासमोर ठेवल्या. "सांगा. नर कुठला?"

त्याने एकीवर बोट ठेवलं. मॅडमनी कागद काढला. मादी.

मी हसले नाही. हसायला पाहिजे होतं, पण तो घामाघूम झाला होता आणि त्याचं पोटही ह्याच नोकरीवर होतं. मी एवढंच म्हटलं, "लिहून दे."

लिहून काय आलं? कंपनीकडून ई-मेल आला. ग्राहकांशी असलेले संबंध लक्षात घेऊन एक बाटली विनामूल्य देत आहोत. मात्र वितरकाच्या पातळीवर साठवणुकीत त्रुटी झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तसेच वितरकाने चुकीच्या लिंगाचे प्राणी पुरवल्याचेही समजते. निखिलचा फोन लागेना. फुकटची बाटली आली ती त्याच घाण्यातली. मी ती तशीच परत पाठवली. छाट काढण्याच्या लायकीची बाटली मी का घेऊ?

ते 'नाकारता येत नाही' गावभर फिरलं. ज्या हॉस्पिटलात माझं खोकं न उघडता आत घेत, तिथे माझ्याकडे रोजच्या तापमानाची नोंद मागायला लागले. मी देते. पंधरा वेळा मागितली तरी देईन. पण आधी कोणी मागत नव्हतं.

पुढे दुसऱ्या कंपनीची अँटिबॉडी मिळाली. ह्या वेळी सौदा करतानाच मी विचारलं, नर-मादीचा फोटो आहे का? समोरचा गोंधळला, पण त्याने पाठवला. बाटली आली. नर गडद, मादी फिकी. डॉक्टर अश्विनींनी मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. पहिल्यांदाच मला कळलं की चांगल्या बाटलीत पांढरं किती असतं. मग मोठ्या ब्लॉकांचे काप रंगले आणि ग्रंथीच्या कुठल्या भागात ते प्रथिन आहे, कुठे नाही, हे वेगवेगळं दिसायला लागलं. थोड्या पेशंटांवरून मोठं काही म्हणायचं नाही, असं मॅडम म्हणतात. प्रबंध उशिरा का होईना, पुरा झाला.

त्यात अण्णा नाहीत. त्यांचा ब्लॉक यंत्रावर लावला तेव्हा कापात नुसतं मेण आलं. तुकडा संपला होता. तो सगळा पहिल्या बाटलीने खाल्ला होता. मॅडम म्हणाल्या, "अक्का, मी थांबायला हवं होतं." मी त्यांना सांगितलं की थांबायला बाटलीने पाहिजे होतं, कारखान्यातून निघण्याआधी.

अण्णांचे उपचार चालू आहेत. हाडं दुखतात, पण यार्डात एक चक्कर मारल्याशिवाय राहत नाहीत. मॅडमनी त्यांना स्वतः बोलावून सांगितलं. मीही गेले होते.

"संपला म्हंजे?" अण्णा म्हणाले. "परत सळई घाला की."

"अण्णा, तुमच्या उपचाराला गरज नाही. माझ्या प्रबंधासाठी मी तुम्हाला सुई टोचणार नाही."

अण्णा माझ्याकडे वळले. "अक्का, मी ज्वारी इकतो, तुमी बाटल्या. मी गिऱ्हाइकाला पोतं उघडून दाखवतो. तुमच्या धंद्यात उघडून दावत न्हाईत का?"

"फोटो दाखवतात, अण्णा."

"मग त्यो फोटो कशाचा हाय?"

मी घरी येऊन कंपनीचं पुस्तक पुन्हा उघडलं. ती बाटली कंपनीच्या पुस्तकात आजही आहे, त्याच सुंदर फोटोसकट. पांढऱ्यावर नेमके ठिपके. कुठल्या तरी गावात कोणीतरी ती आत्ता उघडत असेल आणि कोणाच्या तरी अंगातली शेवईएवढी काडी तिच्यापायी कापत असेल.

म्हणून हे लिहिलं. मला माझं नाव परत पाहिजे, पण ते मी मिळवीन, मला भांडता येतं. माझी मागणी दुसरी आहे. तो फोटो ज्याने छापला त्याने सोलापूरला यावं. माझ्याकडे येऊ नये. मार्केट यार्डात, सिद्रामअण्णांच्या गाळ्यावर यावं. त्यांच्या समोरच्या पोत्यावर बसावं आणि तो फोटो कशाचा आहे ते सांगावं. अण्णांचा नमुना घेतला आहे. यार्डाच्या रिवाजाने आता कोणाला तरी बोलावंच लागेल. इंग्रजीत बोललात तरी चालेल, मी कानडी करून सांगेन. ह्या वेळी नर म्हणजे काय ते मला नीट माहीत आहे.